सहा सिलिंडर, टर्बो नाही: बीएमडब्ल्यू ३३०आय (ई९०) मॅन्युअल, सहा वर्षं चालवल्यानंतर

गाडी माझ्याकडे आली तेव्हा दोन मालकांकडून फिरून आलेली होती. २००६ ची ३३०आय, म्हणजे थ्री सिरीजच्या ई९० पिढीतली, सेडान, सहा गिअरची मॅन्युअल, रिअर व्हील ड्राइव्ह. आता सहा वर्षं झाली, साधारण सत्तर हजार किलोमीटर मी स्वतः चालवली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर चुकीचं लिहिलं असतं, कारण पहिल्या आठवड्यात मला ही गाडी चक्क थोडी मंद वाटली होती.

कागदावर २५८ पीएस (अश्वशक्ती), शून्य ते शंभर ६.३ सेकंदांत, आणि तरी मंद. झालं असं की त्याआधी मी टर्बोवाली, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली, चार सिलिंडरची गाडी चालवायचो, तिच्यात १८०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) आसपास पाय दाबला की पाठीत एक धक्का बसायचा आणि मग तीन-साडेतीन हजारांवर मी आपला सवयीने गिअर बदलायचो. हिलाही तसंच चालवत होतो. आता हिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३०० न्यूटन मीटर, तो २५०० पासून मिळतो, पण पूर्ण पॉवर येते ती थेट ६६०० ला आणि रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, आहे ७००० वर. म्हणजे मी जिथे गिअर बदलत होतो तिथे इंजिन नुसतं जागं होत होतं, त्याचं खरं काम पुढेच होतं आणि मी तिथपर्यंत जातच नव्हतो.

लक्षात आलं ते एका चढावर. पुढे ट्रक, समोरून रस्ता लांबपर्यंत मोकळा, चौथ्यात होतो तो तिसरा टाकला आणि पाय पूर्ण खाली नेला. ४००० पर्यंत ठीकच, ट्रकच्या मागच्या चाकापाशी पोचलो असेन, मग ४५०० च्या पुढे आवाज बदलला, तोपर्यंत जी घुमणारी हूं होती ती एकदम मोकळ्या गळ्याची झाली आणि गाडी जी उचलली ती ५०००, ६००० अशी चढतच गेली, कुठेही दम लागल्यासारखं नाही. ट्रक कधी मागे गेला कळलं नाही. मी गिअर बदलायचंच विसरलो होतो, काटा ६८०० वर होता आणि हातात गिअर लिव्हर शांत, थरथर म्हणून नाही. त्या दिवसापासून मी ही गाडी वेगळी चालवायला लागलो.

ही थरथर का नाही ते सांगतो, कारण या गाडीचं सगळं त्यातच आहे. सहाही सिलिंडर एका ओळीत आहेत. १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ असे पिस्टन जोडीजोडीने एकत्र वरखाली होतात आणि या तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर असतात. एक भाग वर जाताना जो धक्का देतो तो बाकीचे तिथल्या तिथे खाऊन टाकतात, नुसता पहिल्या पातळीचा नाही तर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दुप्पट वेगाने येणारी जी बारीक थरथर असते तीसुद्धा. चार सिलिंडरच्या इंजिनात ही दुसरी थरथर उरतेच, म्हणून मोठ्या चार सिलिंडरांना वेगळे बॅलन्स शाफ्ट, म्हणजे थरथर मारणारे फिरते दांडे, लावावे लागतात. व्ही६ मध्येही, म्हणजे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन तिरक्या ओळींत असतात तिथेही, इंजिन पुढूनमागून डोलायला बघतं. इनलाइन सिक्सला यातलं काहीच लागत नाही. वर दर १२० अंशांना एक सिलिंडर पेटतो, १-५-३-६-२-४ या क्रमाने, त्यामुळे ताकद तुकड्यातुकड्याने येत नाही, एकसंध येते. सिग्नलला उभे असताना आईने मला एकदा विचारलं होतं, "अरे, गाडी बंद पडली का?" चालूच होती.

इंजिनाचं नाव एन५२. २९९६ सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) ८५ आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८८ मिलिमीटर. यात हवा आत घ्यायची पद्धत मला फार आवडते. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटलची पाकळी उघडते, इथे ती पाकळी आहे पण बहुतेक वेळ ती जवळपास उघडीच असते आणि हवा किती घ्यायची ते इनटेक व्हॉल्व्ह स्वतः किती उघडायचं यावर ठरतं. याला व्हॉल्व्हट्रॉनिक म्हणतात, एक छोटी इलेक्ट्रिक मोटर व्हॉल्व्हची लिफ्ट अगदी मिलिमीटरच्या अंशापासून जवळजवळ दहा मिलिमीटरपर्यंत कमीजास्त करते. चालवताना याचा अर्थ एवढाच की पायाने जेवढं मागाल तेवढंच आणि तेव्हाच मिळतं. वळणाच्या मध्यावर पाय अर्धा सेंटिमीटर सैल करा, गाडीचं नाक तेवढंच आत येतं, परत दाबा, तेवढंच बाहेर जातं. मागणं आणि मिळणं यात मध्ये कोणी बसलेलं नाही.

धाकट्या भावाकडे ३३५आय आहे, तीच बॉडी पण दोन टर्बोवालं एन५४, ३०६ पीएस आणि ४०० न्यूटन मीटर ते पण १३०० आरपीएमपासून. तो म्हणतो, "दादा, तू एवढी ओढतोस कशाला, माझी नुसता पाय ठेवला की जाते." खरं आहे, जाते. सरळ रस्त्यावर तो मला सहज मागे टाकतो आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये त्याची गाडी जास्त सोपी आहे, मान्यच. पण त्याची गाडी दोन हजारांवर जे सांगते तेच सहा हजारांवर सांगते. माझी मात्र गवय्या आलापातून द्रुतपर्यंत जातो तशी हळूहळू चढत जाते, प्रत्येक हजार आरपीएमला काहीतरी नवीन. मला शेवटच्या दोन हजारांसाठीच ही गाडी ठेवायची आहे. आणि हे इंजिन आता मिळणार नाही हेही आहेच, ३३०आयमध्ये युरोपात २००७ नंतर एन५३ हे दुसरं इंजिन आलं, मग २०११ पासून ३२८आयमध्ये चार सिलिंडरचं टर्बो बसवायला लागले, २०१५ ला बी५८ आलं ते सहा सिलिंडरचंच आणि उत्तम इंजिन आहे पण टर्बो आहे. टर्बोशिवाय सात हजारांपर्यंत फिरणारं सहा सिलिंडरचं इंजिन नवीन थ्री सिरीजमध्ये घेता येत नाही.

आता वजन. एन५२ चं वजन साधारण १६१ किलो, कारण ब्लॉकचा बाहेरचा भाग मॅग्नेशियमचा आणि आत अ‍ॅल्युमिनियमचा गाभा ज्यात सिलिंडर आणि कूलंटच्या वाटा आहेत, कूलंट मॅग्नेशियमला लागलं तर ते गंजतं म्हणून ही सगळी खटपट. फायदा असा की इंजिन लांब असूनही पुढचं नाक जड होत नाही, पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मंनिम्मं आहे, आणि ते वळणात कळतं.

पण याच मॅग्नेशियमपायी मी एकदा चांगलाच मनस्ताप सहन केलाय. ब्लॉकला लागणारे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे असतात, स्टीलचे लावले तर दोन धातूंमध्ये गंज धरतो. हे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात त्यामुळे एकदा काढले की फेकायचे, दरवेळी नवे. ओळखायला सोपे, निळा रंग लावलेला असतो. एका गॅरेजमध्ये ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची थाळी) उतरवला होता, मी नवे बोल्ट सोबत नेऊन दिले होते, तरी त्यांनी जुनेच परत कसले. दोन बोल्टची मुंडकी तुटली आणि दांडे आतच राहिले, महिन्याभरात तेल झिरपायला लागलं आणि विचारलं तर उत्तर काय, "साहेब, बोल्टने काय होतं." नवे बोल्ट तसेच पुडीत, डिकीत ठेवलेले सापडले. दुसरीकडे नेऊन तुटलेले काढून घेतले, त्या माणसाने टॉर्क रेंच (ठरावीक जोराने कसणारा पाना) लावून आधी घट्ट केले आणि मग अंश मोजून फिरवले, माझ्यासमोर. तेव्हापासून या इंजिनाला हात लावणाऱ्याला मी पहिला प्रश्न बोल्टचाच विचारतो.

चालवायला गाडी कशी, तर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, हळू चालवताना जड लागतं, पार्किंग करताना तर चांगलंच. त्या बदल्यात रस्ता हातात येतो, पुढचं चाक वाळूवर गेलं, पट्ट्यावर गेलं, ओल्यावर गेलं, सगळं कळतं. लांब, उघडत जाणाऱ्या वळणात तिसऱ्यात ४००० वर धरून हळूहळू पाय वाढवत न्या, मागची चाकं किंचित बसतात आणि गाडी मागून ढकलत तुम्हाला बाहेर काढते. बॉडी रोल, म्हणजे वळणात गाडीचं कलणं, आहे थोडा, पण तो आधी सांगून येतो. ब्रेक पुरेसे, जास्त सांगण्यासारखं काही नाही.

कंपनीकडून रनफ्लॅट टायर यायचे, त्यांच्या बाजू कडक असतात, पंक्चरमध्येही चालतात, पण छोट्या छोट्या खड्ड्यांवर गाडी दाणदाण आपटते. मी साधे टायर घातले आणि खरं सांगतो, गाडी बदलल्यासारखं वाटलं, खराब रस्त्यावरच्या वळणात आता टायर उडी मारत नाही, रस्ता धरून ठेवतो. स्टेपनी नाही हे लक्षात ठेवा, त्यामुळे पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर डिकीत कायम असू द्या.

गिअर लिव्हरची फेक लांब आहे, थोडं रबरी पण वाटतं, घाई केलेली तिला आवडत नाही. क्लचच्या लाइनमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो जो क्लच सावकाश बसवतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यात सुरुवातीचे दिवस झटके बसतात. सवय होते. अ‍ॅव्हरेज मला गर्दीत साडेसात-आठ, मोकळ्या रस्त्यावर बारापर्यंत, सहा सिलिंडरला मी यापेक्षा जास्त मागत नाही.

जुनी घेणाऱ्यांनी काय बघायचं. वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा) इलेक्ट्रिक आहे, इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा नाही, आणि जायच्या आधी फारसं काही सांगत नाही, त्यामुळे कधी बदललाय त्याचं बिल बघा, बिल नसेल तर थर्मोस्टॅटसकट बदलायचा खर्च धरूनच भाव करा. व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचे गास्केट वयानुसार कडक होऊन झिरपतात. तेल मोजायला डिपस्टिक नाही, लेव्हल डॅशबोर्डच्या स्क्रीनवर बघायची, इंजिन गरम असताना. साडेसहा लिटर तेल बसतं, मी दहा हजारांना बदलतो, त्याहून लांबवत नाही. थंडीत फक्त दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वरून टकटक ऐकू येते, ते हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हमधली फट तेलाच्या दाबाने भरणारे भाग), बऱ्याचदा लांब फेरी मारली की शांत होतं.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड असताना तुम्ही स्वतः चालू करा. मग वीस मिनिटं शांतपणे चालवा, तेल गरम होऊ द्या. मग मोकळा रस्ता बघून तिसऱ्यात २००० पासून पाय पूर्ण दाबून ७००० पर्यंत न्या. मध्ये कुठे अडखळली, ताकदीत खड्डा जाणवला, तर इनटेकमधल्या डिसाच्या झडपा (हवेच्या वाटेची लांबी बदलणाऱ्या) आणि व्हॅनॉसचे (व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते बदलणारी यंत्रणा) सोलेनॉइड तपासून घ्या. आणि कुठेच अडली नाही, आवाज नुसता चढतच गेला, तर सीट फाटलेलं असो नाहीतर बंपरचा रंग उडालेला असो, गाडी सोडू नका.