ऑप्टिकल, आर्क की ई-आर्क? होम थिएटरच्या वायरी घेण्याआधी

मावसभावाने साउंडबार घेतला आणि त्याच संध्याकाळी फोन केला, "दादा, खोक्यात दोन वायरी निघाल्यात. एक बारीक, एक जाड. कुठली लावू?" बारीक म्हणजे ऑप्टिकल, जाड म्हणजे एचडीएमआय. आवाज दोन्हींनी येतो, म्हणून प्रश्न रास्तच होता.

ऑप्टिकल जुनी. तोशिबाने १९८३ साली काढली. तिच्यातून वीज नाही, लाल प्रकाश जातो. त्यामुळे टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्यात तांब्याचा सांधा राहत नाही, आणि केबलवाल्याची वायर टीव्हीला लावल्यावर काही घरांत स्पीकरमधून जी एकसुरी घुंऽऽ सुरू होते ती या वाटेने येत नाही. हा तिचा खरा गुण. अवगुण असा की वाट अरुंद आहे. दोन चॅनलचा शुद्ध आवाज जातो, किंवा दाबून लहान केलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस. ओटीटीवरचा ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचा आवाज, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो ऑप्टिकलमधून जातच नाही. खोक्यावर ॲटमॉस लिहिलेला बार ऑप्टिकलने जोडलात तर त्या शब्दाचे पैसे वाया गेले.

आर्क म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीतून टीव्हीचा आवाज उलटा बारकडे पाठवण्याची सोय. ती एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आली. ई-आर्क तिची धाकटी पण जास्त रुंद वाटेची बहीण, २.१ बरोबर २०१७ मधली. इथे बरेच जण उगाच खर्चात पडतात. तुम्ही फक्त टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमे बघत असाल, तर टीव्हीने साथ दिली की साध्या आर्कवरूनही ॲटमॉस जातो. ई-आर्क लागतं ते ब्लू-रे प्लेयर किंवा गेमिंग कन्सोल टीव्हीला लावून त्याचा काहीही न गाळलेला (लॉसलेस), डॉल्बी ट्रूएचडीसारखा आवाज पुढे पाठवायचा असेल तर. आणि घरात रिसीव्हर (एचडीएमआय खाचा असलेला, सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) असेल तर प्लेयर सरळ रिसीव्हरलाच लावा, तिथून एक वायर टीव्हीला. मग ई-आर्कचा प्रश्नच मिटला.

माझं मत विचाराल तर नवा टीव्ही, नवा बार असेल तर डोळे झाकून एचडीएमआय. अँप्लिफायर जुना असून त्याला एचडीएमआयच नसेल किंवा ती घुंऽऽ काही केल्या जात नसेल, तरच ऑप्टिकल. (जाताजाता: ऑप्टिकलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपी असते. ती न काढता वायर खुपसून "बार बंद पडलाय" म्हणणारे मी तिघं पाहिलेत. मावसभाऊ चौथा.)

आर्क लावूनही आवाज आला नाही तर वायरीला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा. टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय खाचांपैकी सहसा एकीवरच आर्क किंवा ई-आर्क लिहिलेलं असतं; वायर तीतच हवी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एचडीएमआयवरून एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू हवं. कंपन्यांनी त्याची नावं वेगवेगळी ठेवलीत, सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिम्पलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. आणि डिजिटल आवाजाचं सेटिंग पीसीएमवर (टीव्हीनेच आवाज उलगडून पाठवण्यावर) राहिलं असेल तर बऱ्याच टीव्हींवर फक्त स्टिरिओच येतो. ते ऑटो किंवा पास-थ्रूवर न्या.

आता चित्राची वायर. दुकानात '२.० केबल', '२.१ केबल' म्हणून विकतात, पण ते आकडे उपकरणांचे. केबलची जात वेगळी असते: प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ गिगाबिट), अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. सेट-टॉप बॉक्स, स्टिक, फोर-केच्या सेकंदाला साठ फ्रेम, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र), हे सगळं १८ मध्ये मावतं. पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर फोर-केच्या १२० फ्रेम हव्या असतील तर ४८ ची घ्या. अल्ट्राच्या पुडक्यावर स्कॅन करायचा क्यूआर कोड असतो, तो दुकानातच स्कॅन करा. सोन्याचा मुलामा, जाळीदार विणकाम यांनी रंग खुलत नाहीत. केबल कमी पडली की रंग फिके होत नाहीत. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर दोन-तीन सेकंद सगळं काळं होऊन परत येतं. दीड मीटरच्या वायरीत हे क्वचितच दिसतं.

खरा निर्णय प्रोजेक्टरवाल्यांचा. तांब्याची ४८ वाली तीन मीटर, फार तर पाच मीटरपर्यंत भरवशाची. १८ वाली त्याहून थोडी पुढे जाते. हॉलच्या छतावरून दहा-पंधरा मीटर न्यायचं तर आत फायबर असलेली एचडीएमआय केबल घ्यावी लागते. बारीक, हलकी, पण एकाच दिशेने चालणारी. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असं छापलेलं असतं.

माझ्या घरी ती ओढताना इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दादा, पाइपात डोकंच जात नाही." पाइप होता २० मिमीचा आणि केबलचं डोकंच जवळजवळ तेवढं रुंद. पाइप सोडून केबल तशीच फॉल्स सीलिंगमधून नेली, पीओपी झालं, रंग झाला. प्रोजेक्टर लावला तर पडदा काळा. स्टुलावर चढून टॉर्च मारला तेव्हा प्रोजेक्टरच्या टोकावर बारीक अक्षरांत 'सोर्स' दिसलं. केबल परत ओढायला सोबत दोरीही सोडलेली नव्हती. पीओपी दोन ठिकाणी कापावं लागलं. ते ठिगळ अजून दिसतं. म्हणून सांगतो, फायबरची केबल आधी जमिनीवर पसरून दोन्हीकडे जोडून चित्र बघा आणि मगच ओढा. पाइप ३२ मिमीचा टाका आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची ठेवा.

स्पीकरच्या वायरीत निवड सोपी आहे: तांबं की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुसरी स्वस्त, पण तेवढ्याच जाडीत तिचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट. ८ ओहमचा स्पीकर दहा मीटरवर असेल तर १.५ चौरस मिमीचं तांबं पुरतं; जाऊन-येऊन वीस मीटर धरले तरी विरोध पाव ओहमच्या आसपास राहतो. ४ ओहमचा असेल तर २.५ घ्या. घराच्या वायरिंगमधली उरलेली, बारीक तारांची तांब्याची वायरही चालते, हे स्पीकरवायर विकणारा सांगणार नाही. ओळखायचं असेल तर टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढुरकी निघाली तर ॲल्युमिनियम. वरून पांढरी आणि आतून तांबूस असेल तर ती कल्हई केलेली तांब्याचीच, बिनधास्त घ्या.