आंब्याखालची जमीन झाकणारी रोपं: एक पावसाळा, एक उन्हाळा काढल्यावर

पुण्यात आमच्या घरामागे जुना आंबा आहे. त्याच्याखाली सकाळी थोडं कोवळं ऊन, मग दिवसभर नुसते कवडसे. लॉन तिथे धरतच नाही. म्हणून गेल्या जूनमध्ये जमिनीलगत पसरणारी रोपं वेगवेगळ्या वाफ्यांत लावली. आता मे सरत आलाय, म्हणजे मत द्यायला हरकत नाही. पावसात काहीही लावा, छानच दिसतं. नर्सरीतली जुलैची हिरवाई बघून पिशव्या उचलू नका.

सावलीपेक्षा जास्त त्रास आंब्याच्या मुळांचा. वरच्या थरातली ओल तीच ओढून घेतात. मंडूकपर्णी दिवाळीपर्यंत दाट पसरली होती; फेब्रुवारीपासून आक्रसत गेली आणि आता फक्त बाहेरच्या नळापाशी उरलीय. तिथे मात्र झकास आहे, चटणीपुरती पानं रोज निघतात.

सगळ्यात सरस ठरलं हेमिग्राफिस. पान वरून करडट हिरवं, खालून जांभळं. फांदी मातीला टेकली की पेरातून मुळं फुटतात. एप्रिलच्या दुपारी पार मान टाकतं, पण संध्याकाळी पाणी दिलं की सकाळी ताठ. आणि आंब्याचा पाचोळा त्याच्या फटींतून खाली जाऊन तिथेच कुजतो, झाडायला लागत नाही. अगदी गडद सावलीत फांद्या लांबुळक्या होतात, जांभळा रंगही फिका पडतो. तेवढी छाटणी हवी.

मोंडो ग्रास, म्हणजे गवतासारख्या बारीक पानांचं झुपकेदार रोप, चिवट, पण वाढ इतकी संथ की मधल्या जागा अजून मोकळ्याच. त्यात लव्हाळ्याचं तण घुसलं. पानं इतकी सारखी की उपटताना दर वेळी हात थबकतो. पायवाटेच्या कडेला एक ओळ ठीक, अख्ख्या अंगणाला नको.

ऱ्हिओ कमी पाण्यात, बुंध्याला लागूनही जगला. पण मोहर आला तसे तुडतुडे आले, त्यांनी सोडलेला चिकटा खाली ठिबकला आणि त्यावर काळी काजळीसारखी बुरशी धरली. रुंद पानांवर ती फार दिसते. ओल्या फडक्यानं पुसत बसावं लागलं. छाटताना हातमोजे घाला, चिकानं खाज सुटते. शोभेचा भुईमूग आंब्याच्या घेराबाहेर पिवळा फुललाय, आत विरळ.

माळीकाका वेडेलियासाठी, म्हणजे पिवळ्या फुलांच्या जमिनीवर पसरणाऱ्या रोपासाठी, हटून बसले होते. लवकर भरतं, खरंय. पण जगातल्या 100 सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे, कुंपणापाशी थांबणारं नाही. नाहीच लावलं.

एक तक्रार सगळ्यांबद्दल: पावसाळ्यात या दाटीत शंखी गोगलगायी लपतात. रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात, त्याला पर्याय सापडला नाही.

या पावसात मंडूकपर्णीच्या रिकाम्या वाफ्यात हेमिग्राफिसच्याच छाटलेल्या काड्या खोचणार आहे. नव्या पिशव्या आणणार नाही.