रमोन्स: १९७६चा पहिला अल्बम घ्यावा की १९७७चा तिसरा?

पंक रॉक ऐकायची सुरुवात न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडपासून करायची, इथपर्यंत ठरलं असेल तर उत्तमच. पुढचा प्रश्न कुठल्या अल्बमपासून. बरेच जण नोव्हेंबर १९७७चा 'रॉकेट टू रशिया' सुचवतात, आणि नुसतं ऐकायचंच असेल तर तो सल्ला बरोबर आहे. पण घरात गिटार असेल, किंवा घ्यायचं मनात घोळत असेल, तर एप्रिल १९७६चा 'रमोन्स' आधी घ्या. तो ओबडधोबड आहे, आणि त्याच्यावर जीव जडतो तो त्यामुळेच.

पहिला अल्बम न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत फेब्रुवारी १९७६मध्ये झाला. खर्च साधारण ६,४०० डॉलर, वेळ सात दिवस: तीन दिवस वाद्यं, चार दिवस गायन. तिसऱ्यासाठी पैसा कितीतरी जास्त होता आणि तो ऐकू येतो. ड्रम भरदार, मागचे आवाज सुरात, चालींवर साठच्या दशकातल्या सर्फ संगीताची छाप. गाणी दोन्हींत १४. पहिला २९ मिनिटांत संपतो, तिसऱ्याला जेमतेम तीनेक मिनिटं जास्त लागतात. ठाण्याहून वाशीला लोकलनं साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे पहिला अल्बम एका फेरीत पुरा होतो.

मात्र गाडीत ऐकताना पहिल्याची एक गोम माहीत हवी. त्याच्या स्टीरिओ मिक्समध्ये बेस (खर्जातली गिटार) डावीकडे, गिटार उजवीकडे आणि गायन व ड्रम मधोमध आहेत. ऐरोलीची घोषणा ऐकू यावी म्हणून उजवा इअरफोन काढलात, तर गिटारच गायब! मित्राबरोबर एकेक इअरफोन वाटून घेतलात, तर एकाला बेस आणि दुसऱ्याला गिटार. अनेकांना हा अल्बम 'पोकळ' वाटतो तो यामुळे. उपाय सोपा: फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच येतो. तरी थोडी कसर राहते. गायन आणि ड्रम दोन्ही बाजूंना असल्यामुळे एकत्र करताना ते वर येतात, गिटार आणि बेस तुलनेनं दबतात. म्हणून एकच ब्लूटूथ स्पीकर असणाऱ्यांनी २०१६ची चाळिसाव्या वर्षाची खास आवृत्ती शोधावी. तिच्यात मूळ निर्माता क्रेग लिऑननं केलेलं मोनो मिक्स आहे आणि त्यात गिटार छातीवर येते. 'रॉकेट टू रशिया'त वाद्यं अशी दोन टोकांना टाकलेली नाहीत. एका कानानं ऐका, छोट्या स्पीकरवर ऐका, फारसं काही हरवत नाही.

शिकणाऱ्यासाठी मात्र हीच गोम सोन्यासारखी आहे. मोनो ऑडिओ बंद ठेवा आणि डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. गिटार निघून जाते. बेस, ड्रम आणि गायन उरतं, आणि बँडचा गिटारवादक जॉनी रमोन याची जागा तुमच्यासाठी मोकळी होते. बेस शिकणाऱ्यांनी उलट, उजवीकडे न्यावा. पहिलंच गाणं ए, डी, ई या तीन कॉर्ड्सवर सुरू होतं, ट्युनिंग नेहमीचं.

कॉर्ड्स आठवड्याभरात बसतील, हात बसायला वेळ लागेल. वेग मिनिटाला सुमारे १७५ ठोके आणि प्रत्येक ठोक्याला दोन स्ट्रोक, तेही सगळे वरून खाली. म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. नवखा माणूस दमला की नकळत वर-खाली मारायला लागतो. वर जाणारा स्ट्रोक हलका पडतो आणि सलग भिंतीसारखा तो आवाज तुटतो. दुसरी चूक म्हणजे कोपरातून जोर लावणं. अर्ध्या मिनिटात पोटरीसारखा हात भरून येतो. हालचाल मनगटातून, पिक तारांच्या खाली जेमतेम सेंटीमीटरभर. १२० ठोक्यांवर पूर्ण दोन मिनिटं न थांबता जमलं की मगच पाच-पाचनं वाढवा. आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारा परिणाम, आवरतं घ्या. पेडल पूर्ण वर नेलं की बार कॉर्डचे (एक बोट आडवं टाकून तारा दाबलेल्या कॉर्डचे) सूर एकमेकांत चिकटतात, आणि तीन कॉर्ड्समधला फरकच कळेनासा होतो. जॉनीच्या गिटारचा प्रत्येक कॉर्ड वेगळा ऐकू येतो, हे उजव्या इअरफोनमध्ये कान देऊन तपासा.

एलपी (तबकडी) की सीडी? रेकॉर्ड प्लेअर आधीच असेल तरच एलपी. ठाण्यात काय किंवा नेरुळला काय, पावसाळ्यात दमट हवेनं आधी कव्हरला बुरशी येते, मग ती रेकॉर्डच्या खाचांत शिरते आणि चरचर सुरू होते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आतला कागदी लिफाफा बदलून प्लॅस्टिकचा घ्या, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. सेकंडहँड प्रत घेताना उजेडात तिरकी धरून बघा; पांढुरके ठिपके बुरशीचे असले तर बरेचदा धुऊन निघतात, नखाला लागणारा ओरखडा निघत नाही.

घरात कुणाला पंकचा आवाजच सोसत नसेल, तर 'रॉकेट टू रशिया'तलं न्यूयॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्यावरचं गाणं आधी लावा. दोन मिनिटांचं आहे, आणि दुसऱ्यांदा लागेपर्यंत स्वयंपाकघरातून कुणीतरी चाल गुणगुणायला लागलेलं असतं.