जुन्या फोर्ड ८एनसाठी ओव्हररनिंग कपलर : वापरानंतरचे मत

१९४७ ते १९५२ या काळात तयार झालेल्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरला रोटरी कटर (जड फिरत्या पात्यांनी गवत कापणारे अवजार) जोडायचा असेल, तर हा कपलर, म्हणजे शाफ्टवर बसणारा आणि एकाच दिशेने जोर पोचवणारा जोड, मी सोय मानत नाही, गरज मानतो. या ट्रॅक्टरचा पीटीओ (अवजाराला शक्ती देणारा मागचा फिरता शाफ्ट) गिअरबॉक्समधून चालतो; त्यामुळे क्लच दाबल्यावर इंजिन सुटे झाले तरी फिरत राहिलेली जड पाती गिअरबॉक्समार्फत चाके ढकलतच राहतात आणि ट्रॅक्टर कुंपणाच्या दिशेने निघतो. कपलर बसवल्यावर पाती मोकळी फिरतात आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो. शिवाय ८एनच्या मूळ १ १/८ इंची शाफ्टवर आजची १ ३/८ इंची अवजारे याच भागामुळे चढतात.

मात्र कपलरमुळे जोडणीची लांबी काही इंचांनी वाढते, ही गोष्ट माहितीपत्रकात ठळकपणे द्यायला हवी होती. अवजार पूर्ण उचलून आणि पूर्ण खाली सोडून ट्रॅक्टर व अवजार जोडणारा शाफ्ट मोजला नाही, तर तो आतल्या आत टेकून पीटीओच्या बेअरिंगवर ताण येतो. मला तो थोडा कापावा लागला. ग्रीसकडेही दुर्लक्ष नको, कारण कपलर जाम झाला की तो नसल्यासारखाच.

सोबत मिळालेले बुश (भोक लहान करणाऱ्या नळ्या) मला निरुपयोगी ठरले. अवजार जोडण्याच्या पिना-भोकांच्या मापांचे वर्ग म्हणजे कॅटेगरी; हे बुश कॅटेगरी दोनच्या मोठ्या भोकात कॅटेगरी एकची ७/८ इंची पिन बसवण्यासाठी असतात. ८एनचे लिफ्ट आर्म (अवजार उचलणारे मागचे दांडे) मुळातच कॅटेगरी एकचे आहेत. जाड पिनांचे अवजार असेल, तर पिनाच बदलाव्या लागतात.