रे चार्ल्स : आधी कुठलं ऐकावं?
अमेरिकी गायक-पियानोवादक रे चार्ल्सची ही दोन गाणी: ‘कन्फेशन ब्लूज’ (१९४९) की ‘आय गॉट अ वुमन’ (१९५४)? पहिल्यात पियानो, गिटार आणि बास, बस्स, ड्रम नाहीतच. गळा गोड, पण सगळा ढंग नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राऊन या तेव्हाच्या गाजलेल्या गायक-पियानोवादकांचा. ही नक्कल रे स्वतःच मोकळेपणाने कबूल करायचा. तरी रेकॉर्ड चालली बरं का!

दुसरं अटलांटात, एका रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. सुरुवातीचा लांबवलेला ‘वेऽऽल’ ऐका. चर्चमधल्या गॉस्पेलची, म्हणजे भक्तिगीतांची, हाक थेट प्रेमगीतात शिरते, मागून सॅक्सोफोन रेटा लावतात, आवाज मधेच चिरकतो आणि रे तो खुशाल चिरकू देतो. देवाच्या चालीवर बाईचं गाणं म्हणून भाविक मंडळी चिडली, ते साहजिकच. अभ्यासाला पहिलं ठेवा. एकच ऐकायचं असेल तर डोळे झाकून दुसरं लावा.