थँक्सगिव्हिंगची टर्की धुरावर: केटल, पेलेट की इलेक्ट्रिक?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारची टर्की यंदा ओव्हनऐवजी अंगणात धुरावर करायची ठरवलीत, की पहिला प्रश्न उपकरणाचा. दुकानदार धुराचं कौतुक सांगेल. तुम्ही तापमान विचारा.

टर्की म्हणजे ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं चिवट मांस, नव्हे. तासन्‌तास मंद आचेवर विरघळावं असं तिच्या छातीत फारसं काही नसतं. २२५ अंश फॅरेनहाइटवर ठेवली तर जेवणाला उशीर होतो आणि कातडी रबरासारखी चिवट राहते. २७५ ते ३२५ अंश हवेत.

इलेक्ट्रिक स्मोकर इथेच मागे पडतो, कारण बरेचसे २७५च्या पुढे जात नाहीत. वापरायला सोपा, माशांना छान. टर्कीची कातडी मात्र शेवटी ओव्हनच्या कडक आचेवर भाजून घ्यावी लागते.

पेलेट ग्रिलवर तापमान ठरवून दिलं की लाकडाच्या गोळ्या मशीनच आत ढकलत राहतं. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ही मोठी सोय. पण धूर सौम्य, वीज हवीच, गोळ्या भिजल्या तर भुसा, आणि किंमत भरपूर. वर्षभर बार्बेक्यू करणार असाल तर घ्या. एका गुरुवारसाठी मला तरी पटत नाही.

राहिली कोळशाची केटल, म्हणजे झाकणाची गोल शेगडी, जी कदाचित तुमच्या अंगणात आधीच आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हीच सुचवेन. निखारे एका बाजूला, टर्की दुसऱ्या बाजूला, तिच्याखाली पाण्याचा ट्रे. निखाऱ्यांवर सफरचंद किंवा चेरीच्या लाकडाचे दोन-तीन तुकडे. हिकरीचं लाकूड बेताने, मेस्क्वीटचं नकोच, टर्की कडवट होते. तुम्हाला मात्र तिथून फार हलता येणार नाही: थंडी-वाऱ्यात कोळसा भराभर संपतो आणि झाकण उघडलं की उष्णता पळते.

अख्खी की सपाट? कात्रीने पाठीचा कणा काढून छाती दाबून सपाट केलेली १२ पाउंडांची टर्की २२ इंची केटलवर जेमतेम बसते, पण साधारण अडीच-तीन तासांत होते आणि मांड्या-छाती बरोबरीने शिजतात. टेबलावरचा थाट जातो, हे खरं. कणा ग्रेव्हीला वापरा. अख्खीच ठेवायची असेल तर पोटात सारण भरू नका.

फ्रिजमध्ये दर ४-५ पाउंडांना एक दिवस धरून बर्फ उतरवा. वेष्टनावर मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलं असेल तर वेगळं मीठ लावू नका. नसेल तर आदल्या रात्री लावा. आलं-लसणाचं वाटण घालायचंच असेल तर कातडीच्या आत. वरून लावलं तर कातडी कुरकुरीत होत नाही.

छातीचा जाड भाग आणि मांडीची आतली बाजू, दोन्हीकडे थर्मामीटर १६५ अंश दाखवायला हवा. मांस तरीही गुलाबी दिसलं तर तो धुराचा रंग. पाहुण्यांना शंका आली तर सरळ आकडा दाखवा.