बाळांच्या नावांचं अ‍ॅप: 'इरावती'पुरता माझा अनुभव

भाचीचं नाव ठेवायचं काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे. वहिनीची अट होती की वर्गात हाक मारल्यावर चार मुली वळून बघतील असं नाव नको. दादाची अट, पंचांगातलं अक्षर आलं पाहिजे. जन्म कृत्तिकेच्या दुसऱ्या चरणावरचा, म्हणजे अक्षर ई. या दोन अटी डोक्यात ठेवून मी मराठीत चालणारं, बऱ्याच लोकांनी उतरवून घेतलेलं एक अ‍ॅप घेतलं. वर्षाची वर्गणीही भरली, कारण नावाचा सविस्तर अर्थ आणि 'लोकप्रियता' हे दोन्ही भाग पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच्यासारखी आणखी काही चाळून पाहिली. मजकूर जवळपास एकच आहे आणि चुकाही त्याच.

आधी जे चांगलं आहे ते. नक्षत्र-चरणाचा भाग नीट केलेला आहे. जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की नक्षत्र, चरण, अक्षर येतं, आणि ते गुरुजींनी काढून दिलेल्या टिपणाशी तंतोतंत जुळलं. अवकहडा चक्रातली, म्हणजे नक्षत्र-चरणावरून नावाचं अक्षर देणाऱ्या कोष्टकातली अवघड अक्षरंही टाळलेली नाहीत. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ येतं, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. या अक्षरांवरून नाव कुठून आणायचं? अ‍ॅप सरळ सांगतं की त्याच नक्षत्राचं दुसरं अक्षर घ्या. घरोघरी तसंच करतात. आवडलेली नावं बाजूला काढून ती यादी घरच्यांना पाठवायची सोय तर फारच उपयोगी. वहिनी माहेरी, दादा कामावर, आईला चष्म्याशिवाय दिसत नाही, तरी एकाच यादीवर सगळ्यांच्या खुणा जमल्या.

पण ई निवडलं की फक्त ईशा, ईशानी, ईशिता, ईश्वरी. म्हणजे पुन्हा वर्गातल्या चार मुली. अक्षर काढताना इ आणि ई यांत भेद धरत नाहीत, ई आलं तर इ चालते, हे कुणीही गुरुजी सांगतील. अ‍ॅपमध्ये मात्र ती दोन वेगळी खाती आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायची वाट नाही. इरा, इंदुमती, इंद्रायणी, इरावती ही सगळी नावं पलीकडच्या खात्यात पडून होती. दुर्मीळ नाव शोधणाऱ्याला अ‍ॅपने नेमकी हीच मदत करायला हवी.

'इरावती' वहिनीला ऐकताक्षणी आवडलं. मलाही. मग अर्थ उघडला. पडद्यावर आलं ते असं: अर्थ, वीज, रावी नदी. मूळ, संस्कृत. लोकप्रियता, ६२ टक्के. स्वभाव, प्रेमळ आणि स्वतंत्र विचारांची. खाली शुभ रंग आणि शुभ अंक.

रावी बरोबर. वीज मात्र मला खटकली. मी संस्कृत शिकलेली आहे, आणि घरात अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश आहे. त्यात विजेच्या नावांमध्ये शम्पा, शतह्रदा, ह्रादिनी यांच्या पंगतीत 'ऐरावती' येतं. ऐरावती, इरावती नव्हे. कुणीतरी कधीतरी ऐ-ची इ केली, दुसऱ्याने तिथून उचललं, आणि आता नावांच्या कुठल्याही यादीत पाहा, इरावती म्हणजे वीज. पैसे घेऊन अर्थ देणाऱ्याने एवढं तरी तपासायला हवं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणार मी, पाठीवर धपाटे खाणार मी, आणि पुढे ती मोठी झाल्यावर 'आत्या, माझ्या नावाचा अर्थ काय गं' हे विचारणार तेही मलाच.

खरा अर्थ किती सुंदर आहे बघा. मूळ शब्द इरा. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९च्या संस्कृत-इंग्रजी कोशात इरा म्हणजे पिण्याजोगं काहीही, विशेषतः दुधाचा घोट. शिवाय अन्न, शिवाय तजेला. ती जिच्यापाशी भरपूर आहे ती इरावती. नदीला हे नाव का दिलं असेल ते वेगळं सांगायलाच नको. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्त या ग्रंथात यास्क सांगतो की ऋग्वेदातली परुष्णी तीच इरावती. ऋग्वेदातलं दाशराज्ञ, म्हणजे दहा राजांचं युद्ध झालं ते तिच्याच काठी, आणि आजची रावी तीच. मोनिअर-विल्यम्सचा कोश कोलोन विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर अ‍ॅपच्या वर्गणीआधी तिथे जा.

रामायणात आणखी एक इरावती आहे. अरण्यकांडात जटायू आपलं कूळ सांगतो, त्यात भद्रमदेची मुलगी इरावती आणि तिचा मुलगा ऐरावत, इंद्राचा हत्ती. म्हणजे ऐरावत हे नाव आईवरून पडलेलं. वहिनीला हे इतकं आवडलं की तिथेच नाव पक्कं झाल्यासारखं होतं. अ‍ॅपमध्ये याचा उल्लेखही नाही.

एक गोष्ट मात्र मी घरी लपवली नाही, आणि अ‍ॅपनेही लपवायला नको होती. अमरकोशात इरा या शब्दाचे चार अर्थ दिलेत: भू, वाक्, सुरा आणि आप. पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्राची राणी इरावती तिसऱ्या अंकात येते तीच मद्य घेतलेल्या अवस्थेत, आणि राजाला मालविकेजवळ बघून संतापते. आईने हे ऐकलं आणि थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'पाणीही तेच, वाणीही तेच, मग आपण ते धरू.' मला तिचं पटतं. पण आईबापांनी सगळं माहीत असताना निवडावं. अ‍ॅपमध्ये प्रत्येक नावाचा फक्त गोड अर्थ असतो. जिथे गोड नसेल तिथे कुणीतरी तो गोड करून ठेवलेला असतो. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

आता लोकप्रियता. ६२ टक्के म्हणजे कशाचे? मदतीच्या पानावर शोधलं तर बारीक अक्षरात लिहिलंय की अ‍ॅप वापरणाऱ्यांनी नावाला किती पसंती दिली त्यावरून हा आकडा काढतात. म्हणजे किती मुलींचं नाव इरावती आहे याच्याशी त्याचा काहीच संबंध नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी नावांची मोजणी प्रसिद्ध करतं, पाचपेक्षा कमी बाळांना दिलेली नावं तेवढी वगळतं. इंग्लंड-वेल्समध्येही अशी वार्षिक यादी निघते. आपल्याकडे जन्माची नोंद होते, पण नावांची अशी यादी सरकार काढत नाही. तेव्हा भारतातल्या नावापुढे टक्के लिहिलेले दिसले की ते बाजूला ठेवा. नाव किती चालतंय ते शाळेतल्या बाईंना, बालवाडीच्या ताईंना, बाळाच्या डॉक्टरांना विचारा. मी विचारलं. त्यांच्याकडे इरा पुष्कळ, इरावती जवळजवळ नाहीच.

आणि मराठी घरात इरावती म्हटलं की इरावतीबाई कर्वे आठवायलाच हव्यात. जन्म १९०५चा, ब्रह्मदेशात म्यिंजानचा, आणि नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेलं. टिळक ज्या मंडालेच्या तुरुंगात होते, ते मंडालेही याच नदीकाठचं. एका नावात पंजाबची नदी, ब्रह्मदेशची नदी आणि डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवणारी एवढी मोठी बाई. अ‍ॅपमध्ये 'प्रसिद्ध व्यक्ती' नावाचा रकाना आहे. इरावतीपुढे तो रिकामा आहे. मराठी लोकांसाठी काढलेल्या अ‍ॅपमध्ये हे बघून मला खरोखर वाईट वाटलं. मी दुरुस्ती कळवली, अमरकोशाची ओळही पाठवली. आभाराचा ठरावीक निरोप आला, अर्थ अजून वीजच आहे.

पाचपैकी दोन तारे देते. दोन्ही तारे अक्षराच्या सोयीसाठी आणि यादी पाठवण्यासाठी, आणि ते दोन्ही भाग फुकटच्या आवृत्तीत मिळतात. वर्गणी भरू नका.

'बारसं जवळ आलं, नाव ठरलं का?' अशा सूचना अ‍ॅप सारख्या पाठवतं, त्याने घाबरून घाईने नाव ठरवू नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते. नाव बारा महिन्यांच्या आत घातलं तर शुल्क नाही आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. रोमन स्पेलिंगचा घोळ मात्र जन्मदाखल्याआधीच मिटवा. अ‍ॅप या नावाची चार-पाच स्पेलिंगं देतं आणि कुठलं का घ्यावं ते सांगत नाही. आम्ही 'व'साठी डब्ल्यू घेतला, कारण इरावतीबाई तसंच लिहायच्या. दाखल्यावर जे जाईल तेच पुढे आधारवर आणि पासपोर्टवर जाणार आहे, तेव्हा अर्ज भरताना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि छापून आल्यावर खिडकीवरच वाचून घ्या.

वर्गणी आधीच भरली असेल तर आणखी एक काम करा. ती दरवर्षी आपोआप पुन्हा कापली जाते, आणि अ‍ॅप काढून टाकलं तरी थांबत नाही. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये सदस्यत्वांच्या यादीत जाऊन ती वेगळी बंद करावी लागते.